मदत हवी आहे: 'सातबारा कोरा' मुलांना कसा समजावू?

परभणीजवळच्या शाळेत नववीला शब्दशक्ती, म्हणजे शब्द अर्थ कसकसा देतो ते, शिकवतेय. उसाचा डोळा, पैठणवरून पैठणी, 'भावांच्या दोन चुली झाल्या' म्हणजे दोन संसार, इथपर्यंत मुलं पटापट येतात. अडलंय 'सातबारा कोरा'पाशी. गाव नमुना ७ आणि १२, या आकड्यांवरून उताऱ्याला नाव पडलं, हे साहचर्य. पण 'कोरा' म्हणजे कर्जाचा बोजा उतरलेला. नाव, गट नंबर, पीक कागदावर असतंच की! (आणि 'बोजा' हेही रूपकच.) व्याकरणाची दोन पुस्तकं चाळली, लक्षणेला (शब्दशः अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी जोडलेला दुसरा घेणं) तेच गंगेवरच्या, म्हणजे गंगेच्या काठावरच्या, गवळीवाड्याचं उदाहरण. संस्कृत संज्ञा टाळून, एका तासात सांगायचंय. तर इथला 'कोरा' रूपक धरू, की एका रकान्यासाठी अख्खा कागद म्हटलाय, म्हणून लक्षणाच?