कॉट बेसिस : रिकाम्या खोल्यांचं उत्पन्न की विकतचं दुखणं?

(कॉट बेसिस म्हणजे अख्खी खोली न देता एकेक कॉट महिन्याच्या भाड्याने देणं. पुण्यातल्या घरमालकांनी ते करावं का, यावर टोपणनावांनी झालेली ही चर्चा.)

माजघर :
सदाशिव, नारायण, नवी पेठ, इकडे कर्वेनगर-कोथरूड. घरात माणसं दोन आणि खोल्या पाच, असा हिशेब आता बऱ्याच ठिकाणी झालाय. दुसरीकडे स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासिकेपासून चालत जाता येईल अशी जागा शोधत असतात. माझं म्हणणं असं की मालक त्याच घरात राहत असेल, तर दोन खोल्यांत चार कॉट टाकणं हा सगळ्यात कमी जोखमीचा भाडेव्यवहार आहे. अख्खा फ्लॅट लांबून सांभाळण्यापेक्षाही.

अटी तीनच. संडास-बाथरूम वेगळं, जिन्यातून किंवा व्हरांड्यातून वेगळं दार, आणि आपलं स्वयंपाकघर त्यांना बंद. दहा बाय बाराच्या खोलीत तीन बाय सहाच्या दोनच कॉट. समोरासमोरच्या भिंतींना लावल्या की मध्ये चार फूट उरतात, त्यात टेबल-खुर्ची बसते. तिसरी कॉट कागदावर मावते, पण तिसऱ्याची बॅग, बादली आणि ओले कपडे मावत नाहीत. भांडणं तिथूनच सुरू होतात.

ओटा :
तुमच्या तीन अटींतच विषय संपला. वेगळं दार वाड्याला किंवा बंगल्याला असतं. सोसायटीतल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटला एकच दार आणि ते हॉलमध्ये उघडतं. म्हणजे रात्री साडेअकराला अभ्यासिकेतून परतणारा मुलगा रोज तुमच्या दिवाणखान्यातून जाणार.

पाण्याचं कोणी बोलतच नाही. शहरात माणशी १३५ लिटर धरतात. दोघांना २७० लागतात, हजार लिटरची टाकी तीन दिवस पुरते. चार जण वाढले की रोजचे ८१० झाले, टाकी दीड दिवससुद्धा पुरत नाही. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने आलं की झालं. मग टँकर, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव.

आणि स्वयंपाकघर बंद म्हणे! आधी "काकू, फक्त चहा", मग मॅगी, मग खोलीत चोरून इंडक्शन.

फ्यूजवायर :
इंडक्शनवर पाटी लावून काही होत नाही, बोर्डवर उपाय करावा लागतो. साधा ६ अँपिअरचा सॉकेट म्हणजे २३० व्होल्टला १,३८० वॅट. इंडक्शन १,८०० ते २,००० वॅटचं. सॉकेट आधी पिवळा पडतो, मग वितळतो, आणि आतली वायर जुनी असेल तर धूर भिंतीतून येतो. प्रत्येक खोलीच्या प्लगांना वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) द्या. मात्र गैरसमज नको : २,००० वॅटला साधारण पावणेनऊ अँपिअर होतात, तेवढ्यावर तो लगेच पडत नाही, तासाभरात केव्हातरी पडतो. आणि १,५०० वॅटचा पाण्याचा रॉड एकटाच असेल तर तो बहुधा पडतच नाही. रॉड बंद करायचा असेल तर गरम पाणी वेळेवर द्या, दुसरा इलाज नाही. बाथरूमच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि अर्थिंग आधी तपासून घ्या.

१५ लिटरचं पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला अर्धा युनिट लागतो, २ किलोवॅटच्या गीझरला सोळा-सतरा मिनिटं. चौघांचे रोज दोन, महिन्याचे साठ युनिट. त्यात पंखे, दिवे, लॅपटॉप, मोबाइल. खोल्यांसाठी सबमीटर लावा आणि दर १ तारखेला रीडिंगचा फोटो काढून चौघांना पाठवा. नुसतं "लाइटबिल समान वाटून" म्हटलं की एक जण उन्हाळ्याला गावी जातो आणि पैसे द्यायला नाकारतो.

आता स्लॅबची मेख. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. तुमचे १२० आणि मुलांचे १६० मिळून २८० झाले तर निभतं. कूलर किंवा एसी आला की ३०० च्या पुढचा प्रत्येक युनिट महाग. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी दर लावलात तर वरच्या टप्प्याचा भार मालकही उचलतो. माझ्या मते एसी द्यायचाच नाही. दिलाच तर त्या खोलीचा दर आधी लिहून घ्या.

हिशेबवही :
आकडे मांडतो, पटलं तर घ्या. समजा एका कॉटचे ५,००० धरले, वीज वेगळी. चार कॉटचे महिन्याला २०,०००. बारा महिने कुणीच धरू नये. परीक्षा झाली, निकाल लागला की मुलं जातात आणि नवी यायला वेळ लागतो. दहा महिने धरा : २ लाख.

सुरुवातीचा खर्च एका कॉटमागे : लोखंडी कॉट, काथ्याची गादी, कुलूप लागणारं कपाट, टेबल-खुर्ची, पंखा-दिव्याची दुरुस्ती. बारा ते पंधरा हजार सहज. चौघांचे साठ हजारांपर्यंत. दरमहा झाडू-फरशी, वायफाय आणि किरकोळ डागडुजीला अडीच-तीन हजार. म्हणजे पहिल्या वर्षी हातात लाखाच्या थोडं वर, पुढे वर्षाला पावणेदोन लाखांच्या आत-बाहेर. रंग दर दोन वर्षांनी, तो यात नाही.

कर : राहत्या घराचा भाग भाड्याने दिला की ते 'घर-मालमत्तेचं उत्पन्न'. त्या भागाचा भरलेला महापालिका कर वजा, मग सरसकट ३० टक्के वजावट. बिलं लागत नाहीत. गादी-पंख्यांचा खर्च दाखवायला हे उत्पन्न 'धंदा' म्हणून लिहायची पळवाट २०२४ च्या अर्थसंकल्पाने बंद केली. जीएसटीची भीती घालणाऱ्यांना सांगा की माणशी महिना २०,००० पर्यंत आणि सलग ९० दिवस राहणं असेल तर अशा निवासाला १५ जुलै २०२४ पासून माफी आहे. शिवाय सेवांची नोंदणी मर्यादाच २० लाख आहे. चार कॉटवाल्याने ती काळजी करू नये.

काळजी करायची ती घरपट्टीची. पुण्यात स्वतः राहत्या घराला ४० टक्के सवलत आहे, ती भाडेकरूसाठी नाही. ती गेली तर वर्षाला किती जास्त भरावे लागतील ते आधीच बिलावरून काढा.

ओटा :
बघा, तुमच्याच वहीत पहिल्या वर्षी महिन्याला जेमतेम नऊ हजार उरतात. त्यासाठी घराचं वसतिगृह करायचं? एक खोली एकाच नोकरदार बाईला द्या. सात-आठ हजार येतील, पाणी १३५ लिटरच वाढेल, नवा पंखासुद्धा लागणार नाही.

मुद्रांक :
एक असो की चार, कागद सोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

अकरा महिन्यांचं खूळ सोडा. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या केंद्रीय कायद्यातल्या सवलतीमुळे ती प्रथा पडली. इथे कलम ५५ मुळे नोंदणी लागतेच, त्यामुळे अकराचा काही फायदा नाही. विद्यार्थ्याला दहा महिने हवेत तर दहाचा करा. मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक अनामतीवर वार्षिक १० टक्के व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. ५,००० भाडं, १०,००० अनामत, दहा महिने : बेरीज ५०,८३३, शुल्क सव्वाशेच्या घरात. नोंदणी फी शहरात १,०००. एजंट याच्या किती पट मागतो ते तुम्हीच बघा, ऑनलाइन नोंदणी आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होते.

पोलिसांना भाडेकरूची माहितीही ऑनलाइन देता येते. पोलीस आयुक्तांचा आदेश लागू असताना ती टाळली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा. आणि परदेशी विद्यार्थी ठेवणार असाल तर तो राहायला आल्याची माहिती (पूर्वीचा 'फॉर्म सी') चोवीस तासांत ऑनलाइन द्यायची. ते पुण्यात फार जण विसरतात.

ओटा :
कायदा काढलातच तर पूर्ण काढा. मुदत संपल्यावर जागा लवकर परत मिळायची, न सोडल्यास दुप्पट भाडं वसूल करायची सोय कलम २४ मध्ये 'लायसेन्सी'साठी, म्हणजे भाडेपट्टा न करता जागा वापरायच्या नुसत्या परवानगीवर राहणाऱ्यासाठी आहे. त्याच कायद्याच्या कलम ७ मधली 'लायसेन्सी'ची व्याख्या वाचा. त्यात 'पेइंग गेस्ट' चक्क वगळलाय. पेइंग गेस्ट म्हणजे मालक राहतो त्याच जागेचा भाग ज्याला दिला तो बाहेरचा माणूस. म्हणजे तुमची ही चार मुलं. अशी जागा परत मिळवून देणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुम्ही काय सांगणार?

मुद्रांक :
मुद्दा बरोबर आहे, मी तो सोडायला नको होता. वकिलाला हाच प्रश्न विचारून मगच मसुदा करा. पण उलट बाजूही पाहा. पेइंग गेस्टकडे खोलीचा एकट्याचा ताबाच जात नाही. खोलीची एक किल्ली मालकाकडे, साफसफाईला बाई आत जाणार, कॉट बदलायचा हक्क मालकाचा. हे करारात लिहा आणि तसं वागाही. नुसतं नाव पुरत नाही. १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कागदावर 'लायसन्स' लिहिलेलं असूनही व्यवहार भाडेपट्ट्याचा ठरवला, कारण ताबा एकट्याचा होता. खोलीला मुलाने स्वतःचं कुलूप लावलं आणि तुम्ही वर्षभर आत गेला नाहीत, तर कराराचं शीर्षक कितपत वाचवेल?

माजघर :
म्हणजे माझी 'वेगळं दार' ही अटच उलटी पडते की काय? वेगळं दार, वेगळं बाथरूम, वर त्यांचंच कुलूप, मग उरलं काय!

मुद्रांक :
दार वेगळं चालेल, कुलूप तुमचं हवं. कपाटाला त्यांचं.

फ्यूजवायर :
जेवणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. सकाळी पोहे, रात्री डबा असं पॅकेज देऊन कॉटमागे अडीच हजार जास्त घेता येतात असं सांगतात. घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. पेठांत पावलोपावली मेस आहेत, त्यांना तिथे जाऊ द्या.

हिशेबवही :
आणि जेवणाचे पैसे घेतलेत तर ते भाड्यात मिसळू नका. त्या रकमेला ३० टक्के वजावट नाही. पावती वेगळी, शक्यतो बँकेतूनच.

ओटा :
एवढं करून मला जर-तरमध्ये एक घर चालेलसं वाटतं : तळमजला, पूर्वीचं आउटहाउस किंवा गॅरेजवरची खोली, नळ वेगळा, दोन कॉट, चार नाहीत. सोसायटीच्या फ्लॅटला अजूनही नाहीच. तिथे समितीला लेखी कळवावं लागतं, आणि मालक स्वतः राहत असताना 'बिनभोगवटा शुल्क' (मालक राहत नसलेल्या घरावर सोसायटी लावते ते) मागितलं तर ते कसं, असं विचारायचं धाडस किती जणांकडे आहे?

मुद्रांक :
धाडस कशाला, एक पत्र पुरेल. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरत नाहीत. सदस्य घरातच राहतोय हे पत्रात पहिल्या ओळीत लिहा आणि पोच घ्या.