ऐनावरच्या काजव्यांची लय मोजायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राहतो. मामांचं गाव वेल्ह्याकडे आहे. रोहिण्या लागल्या की तिथल्या रानात ऐनाच्या झाडांवर काजव्यांची दाटी होते. दरवर्षी बघून येतो, पण यंदा त्यांचं लुकलुकणं नीट नोंदवायचंय.

सगळे म्हणतात, अख्खं झाड एकदम पेटतं नि एकदम विझतं. मला तसं दिसत नाही. शेंड्याकडच्या एखाद्या फांदीवर सुरुवात होते, उजेड तिथून खाली सरकतो, आणि तो बुंध्याशी पोचायच्या आत शेंडा पुन्हा लुकलुकायला लागतो. दोन ऐनांच्या फांद्या जिथे एकमेकींत शिरल्यात तिथे तर दोन्ही झाडांच्या लयी काही वेळ भांडतात, मग कधी जुळतात, कधी नाही. प्रत्येक नर शेजारच्याला बघून आपली वेळ मागेपुढे करत असेल का? मलेशियात सेलांगोर नदीकाठच्या कांदळवनात काजवे एकसाथ चमकतात. अमेरिकेच्या स्मोकी पर्वतातले नर उडताना काही वेळा लागोपाठ चमकून सगळे मिळून काळोख पाळतात. आपल्याकडचा प्रकार यातल्या कशाच्या जवळचा?

मोबाईल ट्रायपॉडवर लावून सेकंदाला 30 फ्रेमचा व्हिडिओ घ्यायचा विचार आहे. फोकस आणि एक्स्पोजर हाताने पक्कं करणार. नाइट मोड नको, तो अनेक फ्रेम एकत्र करतो, मग मोजणार काय? घरी इमेजजे (ImageJ) या प्रतिमा मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शेंडा, मधला भाग आणि खालच्या फांद्या यांचा उजेड फ्रेमगणिक वेगळा काढता येईल असं वाटतंय. कुणी केलंय का? 30 फ्रेम पुरतील की 60 हव्यात? उकाडा असला की काजव्यांची लय जलद होते, म्हणून दर वेळी तापमानही लिहून ठेवणार आहे.

दुसरी अडचण नर-मादी ओळखण्याची. आपल्याकडच्या बऱ्याच काजव्यांत नराच्या पोटाखाली प्रकाशाचे दोन पट्टे असतात, मादीच्या एकच. पानावर स्वस्थ बसलेला काजवा खालून दिसला तर हे कळतं. पण काजवे पकडायचे नाहीत हे ठरलेलं आहे. दुर्बिणीतून जमेल का?

आणि सगळ्यात काळजीचं म्हणजे त्यांना त्रास होऊ नये. वळणावरून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट झाडावर पडला की ती बाजू गप्प होते आणि लय परत जुळायला बराच वेळ जातो. नर नि मादी एकमेकांना उजेडावरूनच शोधतात, तेव्हा हे नुकसान साधं नाही. टॉर्चला लाल जिलेटिन लावून जमिनीकडे धरला तर चालेल ना? झाडापासून किती लांब बसावं?

जागेचा पत्ता कृपया विचारू नका, तिथे गर्दी नकोय. अमावास्येच्या आसपास जायचंय, आणि मृगाचा पाऊस लागून राहिला की हंगाम आटोपतो. त्यामुळे ज्यांनी असं काही केलंय त्यांनी जमेल तितक्या लवकर लिहा.