रेड लिस्ट म्हणजे कायदा नव्हे

'रेड लिस्टमध्ये नाव आलं की शिकार आपोआप बेकायदा', असं कुणीतरी लिहिलंय. तसं नसतं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची धोक्यातल्या प्रजातींची ती यादी म्हणजे नुसता तपासणीचा अहवाल. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (यातला जो काळ मोठा तो) संख्या ८० टक्के घटली, की प्रजाती 'अतिसंकटग्रस्त'. प्रजननक्षम जीव ५० पेक्षा कमी उरले तरी तेच. पण त्या शेऱ्यावर कुणाला अटक होत नाही. त्यासाठी देशाच्या कायद्यात ते नाव यावं लागतं. वन्य प्राणी-वनस्पतींबद्दलचा साइट्स हा देशादेशांमधला करारही आंतरराष्ट्रीय व्यापारापुरताच.

कायद्याला खरोखर दात असले तर काय होतं, ते स्नेल डार्टरच्या बाबतीत दिसलं. बोटभर लांबीचा मासा. अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात त्याला संरक्षण मिळालं आणि १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ बांधून झालेलं टेलिको धरण त्याच्यासाठी अडवलं. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने (काँग्रेसने) धरणाला सूट देऊन टाकली, तो भाग वेगळा! मासा मात्र तगला. दुसऱ्या नद्यांत नेऊन सोडलेले मासे तिथे रुजले, आणि २०२२ मध्ये त्याचं नाव त्या कायद्याच्या यादीतून निघालं.