ब्राझीलला जाताय? लस आधी घ्या!

ब्राझीलच्या प्रवासावर इथे चाललेल्या चर्चेत व्हिसा-तिकिटांबद्दल सगळ्यांनी छान लिहिलंय, पण पिवळ्या तापाच्या लशीचं राहूनच गेलं. ब्राझीलहून भारतात परतताना विमानतळावर लशीचा दाखला मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि दाखला १० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर अजिबात ढकलू नका. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

विजेचं एक लक्षात ठेवा. रिओ, साओ पावलोला १२७ व्होल्ट, राजधानी ब्राझिलियात २२०. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो, पण घरून नेलेली चहाची किटली रिओत नुसती कोमट होत बसते. प्लग तीन गोल पिनांचा, आपल्यापेक्षा वेगळा.

शाकाहारी मंडळींनी ‘पोर किलो’ पाटी असलेली हॉटेलं शोधावीत. हवं ते स्वतः वाढून घ्यायचं, ताट काट्यावर ठेवायचं, वजनाप्रमाणे पैसे. भात, भाज्या, सॅलड भरपूर असतं. काळ्या घेवड्याची उसळ बघून मात्र हुरळून जाऊ नका, त्यात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. नुसतं ‘सें कार्ने’ (म्हणजे ‘मांसाशिवाय’) म्हणूनही भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी ‘कार्ने’ म्हणजे गोमांस. चिकन, हॅम नको हे वेगळं सांगाच.