झिरोला फ्लोट: वेडेपणा की नाइलाज?

गलबत: काल कुणीतरी जपानी नौदलाच्या झिरो या लढाऊ विमानाबद्दल ठोकून दिलं, 'झिरोला फ्लोट (चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारा पोकळ तराफा) बांधणं म्हणजे चांगल्या विमानाची माती.' आधी नकाशा बघा! १९४२ मध्ये अलास्काजवळच्या, जपानने घेतलेल्या किस्का बेटावर धावपट्टी होती कुठे? ए६एम२-एन या फ्लोटवाल्या झिरोला, म्हणजे दोस्तांच्या भाषेत 'रुफ'ला, शांत पाणी मिळालं की काम भागायचं. पोटाखालच्या जादा टाकीची जागा फ्लोटने खाल्ली, म्हणून पेट्रोल फ्लोटच्या आतच भरलं. नाकाजिमा कंपनीने अशी ३२७ बनवली, ती उगाच नाही.

पाणसाप: मग सोलोमन बेटांतल्या तुलागीचंही सांगा की. ७ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी वास्प या अमेरिकी विमानवाहू जहाजाच्या वाइल्डकॅट लढाऊ विमानांनी तिथली रुफ पाण्यावरच जाळली, एकही वर गेलं नाही. झिरोचा वेग ताशी ५३० किमीच्या आसपास, रुफचा ४३५. शंभर किमी घालवून लढायचं कशाने?

गलबत: बेसावध असली की चाकवाली विमानंही जमिनीवरच जळतात. तो दोष फ्लोटचा नाही.

टेहळणी: भांडायचंच तर जपान हरला त्या मिडवेच्या लढाईवर भांडा. टोने क्रूझरचं चार नंबरचं शोधविमान साडेचारऐवजी पाचला सुटलं आणि लढाई तिथेच गेली.

दुर्बीण: त्या बिचाऱ्याला किती झोडपणार? ७:२८ ला अमेरिकी जहाजं त्यानेच शोधली! चिकुमा क्रूझरचं एक नंबर त्याच भागातून ढगांवरून निघून गेलं, त्याला काहीच दिसलं नाही. मुळात शोधाला विमानं सात. त्यात हारुना युद्धनौकेचं जुनं ई८एन विमान जेमतेम १५० सागरी मैल जाणार, बाकीची ३००.

टेहळणी: 'दहा जहाजं' एवढंच कळवलं. विमानवाहू आहे हे सांगायला ८:२० उजाडले. याचंही समर्थन करणार?

दुर्बीण: संदेश मोघम होता, घ्या. पण बॉम्बफेकी विमानं हल्ल्यासाठी राखायची म्हणून शोधाचा भार क्रूझरांवर टाकला कुणी? टोनेच्या आठही मोठ्या तोफा पुढे, मागचा डेक विमानांना. जहाजच त्यासाठी बांधलेलं. अशा जहाजांच्या जोरावर शोध दुपदरी (एकाच भागावर पाठोपाठ दोन फेऱ्या) का केला नाही, ते ताफ्याचा सेनापती नागुमो याच्या अधिकाऱ्यांना विचारा.

गलबत: धागा लढाऊ विमानांचा आहे, मिडवे आवरा. कावानिशी कंपनीचं, मुळातच फ्लोटवर बेतलेलं लढाऊ विमान क्योफू घ्या. मे १९४२ मध्ये उडालं, तयार होईपर्यंत जपान बचावावर आलेला, म्हणून ९७ वरच थांबलं. पण त्याच सांगाड्यातून शिदेन हे चाकवालं लढाऊ विमान निघालं. तेही वाया गेलं म्हणणार?

पाणसाप: शिदेन दमदार होतं, तेवढं देतो. पण त्यातही फ्लोटचं खूळ उरलंच. क्योफूचा मधोमध बसवलेला पंख तसाच ठेवला आणि पुढचा प्रोपेलर मोठा. म्हणून चाकांचे पाय लांब करावे लागले, आत घेताना ते आखडायचे आणि उतरताना दगा द्यायचे. शिदेन-काई या सुधारित आवृत्तीत पंख खाली आणला, तेव्हा कुठे पाय आखूड झाले.