एकटीला आयव्हीएफ मिळतं ना, मग अडतंय कुठे?

खारीबिस्कीट:
काल 'निवृत्तकारकून' यांनी दुसऱ्या धाग्यावर लिहिलं, "समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) एकट्या बाईलाही मिळतं, आता एकमेकींसोबत संसार करणाऱ्या या मुलींना आणखी काय हवंय?" उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

हो काका, मिळतं. २०२१ च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या कायद्यात जोडपं म्हणजे लग्न झालेलं जोडपं, आणि त्याशिवाय २१ ते ५० वयाची एकटी बाई. म्हणजे मला उपचार हवे असतील तर मी एकटी आहे असंच कागदावर यायला हवं. माझी जोडीदार बाहेर बाकावर, माझी पर्स आणि फाइल सांभाळत. नर्स विचारते, "सोबत कोण, बहीण?" आम्ही मान हलवतो.

माझी बीजांडं आता फारशी उरलेली नाहीत. तिची उत्तम आहेत. घेता येतील? नाही. बीजांड देणारी नोंदणीकृत बँकेतूनच यायला हवी, वय २३ ते ३५. ही ३८ ची. माझं गर्भाशय साथ देईना तर सरोगसी? एकट्या बाईला तीही आहे, पण ३५ ते ४५ वयाच्या विधवेला किंवा घटस्फोटितेला. म्हणजे आधी एक नवरा करून तो गमावायचा, मग रांगेत उभं राहायचं.

निवृत्तकारकून:
ताई, राग समजू शकतो, पण कायदा मुद्दाम तुमच्यासाठी केलेला नाही. लिव्ह-इनवाल्यांनाही जोडपं धरत नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की समलिंगी लग्नाचं काय ते संसद बघेल. आणि माझी पुतणी रीतसर लग्न झालेली, तरी आयव्हीएफमध्ये घर गहाण पडायची वेळ आली. तिच्यासाठी कोण धागा काढतं?

सातबारा:
पुतणीचं वाईट वाटलं, पण तिच्या नवऱ्याला बाकावर बसवलं होतं का? लिव्ह-इनवाले कंटाळले तर उद्या रजिस्टर ऑफिसात जाऊन सही करतील. या दोघी कुठे जातील? आणि निकाल सांगायचा तर पूर्ण सांगा. लग्नाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीश एक होते. दत्तकाच्या मुद्द्यावर ३-२ ने नकार आला, चंद्रचूड आणि कौल जोडप्यांच्या बाजूने होते.

प्राची_नाशिक:
अहो, मूल लांब राहिलं. मला पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी) करायची होती. "लग्न झालंय?" "नाही." कागदावर मोठ्या अक्षरात 'अनमॅरीड' आणि "मग गरज नाही." ज्या विषाणूने तो कॅन्सर होतो तो एचपीव्ही काय मंगळसूत्र बघून येतो? बाईकडून बाईलाही होतो तो.

स्टेथोस्कोप:
तालुक्याच्या गावी ओपीडी चालवते म्हणून सांगते. मुलीची आई समोर बसलेली असते, तिच्यादेखत "संबंध येतात का" विचारलं तर पेशंट पुन्हा येत नाही. 'लग्न झालंय का' हा आमचा आडवळणाचा मार्ग आहे.

प्राची_नाशिक:
मग आईला दोन मिनिटं बाहेर बसवा. एवढं अवघड आहे?

साताऱ्याची_मामी:
अवांतर आहे, पण राहवत नाही. दोन मुलं झाली, पिशवी काढायची तर म्हणे नवऱ्याची सही आणा. माझी पिशवी, सही त्यांची! ते तेव्हा कामानिमित्त परगावी. ऑपरेशन पुढे ढकललं.

स्टेथोस्कोप:
मामी, सही कायद्यासाठी नसते. उद्या नवरा दहा माणसं घेऊन काचा फोडायला येतो, त्यासाठी असते.

साताऱ्याची_मामी:
म्हणजे तुमच्या काचांसाठी मी दुखणं अंगावर काढायचं? वा डॉक्टर!

सातबारा:
गर्भपातालाही सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, तरी नवऱ्याची सही मागतात. सगळ्यांना ठाऊक आहे.

स्टेथोस्कोप:
'सगळ्यांना ठाऊक' असलेल्यांनी एक रात्र लेबर रूमबाहेर उभं राहावं, मग बोलावं.

निवृत्तकारकून:
धाग्याचं काश्मीर झालं. मूळ मुद्दा काय होता?

खारीबिस्कीट:
मामींचाच मुद्दा माझा आहे, काका. त्यांच्याकडे परगावच्या नवऱ्याची सही मागतात, माझ्याकडे दारात बसलेल्या बाईची चालत नाही. २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. मेल्यावर आमचं नातं चालतं. जिवंतपणी मूल झालं, तर माझ्यामागे तिचा त्या मुलावर कागदोपत्री काडीचा हक्क नाही. माझा भाऊ, जो माझ्याशी बोलतही नाही, तो पुढे होईल.

निवृत्तकारकून:
बरं, बीजांडाचा मुद्दा दिला तुम्हाला. भावाचाही दिला. पण लग्नाचा हट्ट सोडून नुसतं पालकत्व मागा, लवकर मिळेल. चाळीस वर्षं सरकारी फायली हलवल्यात, मला कळतं.

खारीबिस्कीट:
मोठे उपकार. वकिलाकडे जाऊन आले. पहिलाच प्रश्न होता, "तुमचं दोघींचं कायद्याने नातं काय?" हलवा आता फाइल.

साताऱ्याची_मामी:
डॉक्टर, काचांचं उत्तर राहिलंय.