ओरियानाची २५ स्तुतिगीतं सलग ऐकवतात का कुणाला?

मंद्रसप्तक:
रविवारी जेवण झाल्यावर 'द ट्रायम्फ्स ऑफ ओरियाना' आख्खं ऐकायचा संकल्प केला आणि चौदाव्या गाण्याला डोळा लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १६०१ साली टॉमस मॉर्लीने लंडनमध्ये छापलेला हा मॅड्रिगलांचा, म्हणजे अनेक आवाजांनी मिळून गायच्या गाण्यांचा संग्रह, २३ संगीतकार, २५ रचना, पाच किंवा सहा आवाजांच्या, आणि जवळपास प्रत्येकीचा शेवट एकच, मेंढपाळ आणि डायना देवीच्या पऱ्या मिळून गातात 'लाँग लिव्ह फेअर ओरियाना'. ओरियाना म्हणजे राणी एलिझाबेथ पहिली. कल्पना व्हेनिसवरून उचललेली, तिथे १५९२ मध्ये 'इल त्रिओंफो दी दोरी' निघालं होतं, २९ रचना आणि शेवटी 'विवा ला बेल्ला दोरी'.

माझं म्हणणं एवढंच की हे ओळीने रेकॉर्ड करणं हीच चूक आहे. हे संगीत समोर बसून ऐकायचं नव्हतंच, गायचं होतं. प्रत्येक आवाजाची वेगळी वही छापायचे, सगळे आवाज एकाखाली एक दिसतील अशी प्रत नाही, टेबलाभोवती बसा, आपापली वही धरा आणि गा. असे लोक एका संध्याकाळी तीनचार गात असतील, पंचवीस नाही. गणपतीत आपलं पण पाचव्या आरतीनंतर लक्ष प्रसादाच्या ताटाकडे असतं की नाही?

बेसवाला:
असहमत, आणि जरा जोरातच असहमत. मी लीड्सला असताना दोन वर्षं एका हौशी कॉयरमध्ये (समूहगान मंडळीत) बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गायचो, तिथे थॉमस वील्क्सचं 'अॅज व्हेस्टा वॉज' बसवलं होतं, ह्याच संग्रहातलं. डोंगर उतरण्याचे शब्द आले की सूर खाली येतात, चढण्याचे आले की वर, हे ठीकय, सगळेच करायचे. पण पुढे 'टू बाय टू' ला दोनच आवाज, 'थ्री बाय थ्री' ला तीन, 'टुगेदर' ला सगळे, आणि डायना देवीला सोडून सगळ्या पऱ्या पळाल्या 'ऑल अलोन' तिथे एकटा एक आवाज. आणि मग ते शेवटचं 'लाँग लिव्ह'. वरचे सगळे धावतायत, एकमेकांच्या शेपट्या पकडतायत, आणि खाली आम्हाला त्याच ओळीचे सूर दिलेत लांबच लांब ताणून. 'लाँग' शब्द खरंच लाँग. पहिल्या प्रॅक्टिसला माझा श्वास निम्म्यात संपला, शेजारचे आजोबा न बघता म्हणाले की दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी चोरून घ्यायचा असतो.

आता मुद्दा. ती शेवटची ओळ सगळ्यांना सारखी मिळाली म्हणूनच वील्क्सने काय केलं ते कळतं ना? आधीच्या दहा जणांनी तीच ओळ कशी संपवली ते कानात नसेल तर ह्याची गंमत अर्धी. संग्रह तोडून ऐकणं म्हणजे तरही मुशायऱ्यातून, जिथे सगळे एकाच दिलेल्या ओळीवर लिहितात, एकच गझल उचलून आणणं.

चिडका_बिब्बा:
तुमचं सगळं बरोबर असेल पण गाताय काय ते बघा की जरा. १६०१ ला बाई ६८ वर्षांच्या होत्या. १५९८ मध्ये पॉल हेंट्झनर नावाच्या जर्मन प्रवाशाने बघून लिहून ठेवलंय की दात काळे पडलेत आणि केस खोटे, लाल. आणि हे २३ जण तिला झऱ्याकाठची कोवळी पोर करून नाचवतायत. फेब्रुवारी १६०१ मध्ये अर्ल ऑफ एसेक्सने बंड केलं, त्याच महिन्यात त्याचं मुंडकं उडवलं. अशा वर्षी छापलेलं 'सगळे प्राणी आनंदात आहेत' मला तरी गोड लागत नाही (जॉन बेनेटची रचना, 'ऑल क्रीचर्स नाऊ'). आणि ह्याच बाईने ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. ह्याच संग्रहातल्या विल्बीच्या गाण्यात तर ओरियाना दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या खजिन्याने सजलेली आहे, सरळ सरळ, पहिल्याच दोन ओळीत. कुणाचा खजिना होता तो? आणि आपण हेडफोन लावून वा वा.

काठावरची:
बिब्बा, तुमचं ऐकलं तर मला उद्यापासून रियाज बंद करावा लागेल. सदारंग हा मोहम्मद शहाच्या दरबारातला रचनाकार, त्याच्या कितीतरी बंदिशीत 'मोहम्मद शा रंगीले' येतं. मी रोज गाते. मोहम्मद शहाच्या राज्यात १७३९ ला नादिरशहाने दिल्ली लुटली, म्हणून बंदिश वाईट झाली का? ते नाव आता समेच्या आधीची एक जागा झालंय, तिथे तान कशी टेकवायची एवढंच डोक्यात असतं. ओरियानाचंही तेच झालं असणार. माझी गुरू बाई तर विचारलं की म्हणते, अगं तो शहा असेल नाहीतर नसेल, तुझा निषाद लागतोय का बघ.

मंद्रसप्तक यांना मात्र पाठिंबा. एकाच रागाच्या पंचवीस बंदिशी ओळीने कोण ऐकतं? परीक्षकच.

चिडका_बिब्बा:
बंदिशीत ते नाव एकदा येतं हो. इथे अख्खी रचना त्या एका नावाकडे चालत जाते, मेंढपाळ तिच्यासाठी, पऱ्या तिच्यासाठी. सदारंग आधी विरह बिरह गातो तरी. तुलना पटली नाही. निषादाचं मान्य.

मंद्रसप्तक:
@बेसवाला, श्वासाचा किस्सा आवडला, पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत :) ती मजा तुम्हाला आली कारण तुम्ही आत उभे होतात. बाहेरच्याला तोच लांब सूर नुसता खाली गुणगुणणारा फ्रीज वाटतो, निदान मला तरी किंग्ज सिंगर्सच्या रेकॉर्डिंगमध्ये तसं झालं. सहा पुरुष, सूर इतके घोटून जुळवलेले की कोण कुठे शिरला कळतच नाही. सगळंच चकचकीत. आणि पऱ्या पण पुरुषच! आय फाजिओलिनी ह्या दुसऱ्या गटाचं आहे त्यात बायका आहेत, आवाज वेगवेगळे ओळखू येतात, थोडी झटापट ऐकू येते. त्यातली नऊ मी जागेपणी ऐकली.

बेसवाला:
फ्रीज!! निषेध.
बरं, तुमच्या वह्यांच्या मुद्द्याला उत्तर. मॉर्लीकडे १५९८ पासून संगीत छापायचा राजपरवाना होता, तो धंदा करत होता, त्याने पुस्तक म्हणूनच बांधलंय, लॉर्ड अॅडमिरल चार्ल्स हॉवर्डला अर्पण करून. सगळे एका पुस्तकात असावेत ह्याची धडपड दिसते. मायकल ईस्टचं गाणं उशिरा आलं तर ते अर्पणपत्रिकेच्या पाठीवर छापलं पण घेतलं. बेट्सनचं त्याहून उशिरा आलं, ते राहिलं, त्याने १६०४ ला स्वतःच्या पुस्तकात टाकलं, तोपर्यंत राणी जाऊन वर्ष झालेलं. नुसती सुटी गाणी असती तर एवढी मारामारी कशाला?

काठावरची:
पुस्तक बांधलं म्हणजे सलग वाचायचं असं कुठंय, पंचांग पण बांधलेलंच असतं 😄

चिडका_बिब्बा:
आणि त्या काळचे मोठे दोघं संगीतकार आलेच नाहीत त्याचं काय? विल्यम बर्ड नाही, डाऊलंड नाही. मला तर वाटतं बर्डला एवढ्या गर्दीत टाळ्या वाजवायच्या नसतील. वाटतं म्हटलंय, पुरावा मागू नका.
बाकी १९५३ ला परत तेच केलं लोकांनी, दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी, १ जूनला, रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये 'अ गार्लंड फॉर द क्वीन', दहा संगीतकार, व्हॉन विल्यम्स, टिपेट वगैरे.

मंद्रसप्तक:
पण दहाच! आणि शेवटची ओळ एकच ठेवा ही सक्ती नाही. साडेतीनशे वर्षांनी का होईना कुणाला तरी पटलं माझं म्हणणं.

बेसवाला:
सक्ती नाही म्हणूनच त्यातलं कुठलं कुठे संपलं ते माझ्या लक्षात नाही.
मंद्रराव, एक करा. सलग नका ऐकू, कबूल. फक्त प्रत्येकाचा शेवटचा अर्धा मिनिट ऐका, पंचवीसच्या पंचवीस. साडेबारा मिनिटांचं काम आहे. वील्क्सला आवाज वाढवा आणि खालचा सूर धरून ठेवा, स्वतः, तोंडाने.

मंद्रसप्तक:
केलं. आत्ताच. वील्क्सला श्वास पुरला नाही. मत तेच आहे.